भावकीनं मिटवलं, पण मला कुणी विचारलंच नाही

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही दिंडोरी तालुक्यातले. मिस्टर नाशिकला अंबडच्या कंपनीत आहेत, शनिवारी घरी येतात, त्यामुळे बाग मीच बघते. दोन एकर थॉमसन द्राक्षं आहेत. नोव्हेंबरमध्ये बाग फुलोऱ्यात असताना चुलत दिरांच्या मुलानं शेजारच्या मक्यात तणनाशक मारलं. वारा आमच्याकडे होता. काही दिवसांत बांधाकडच्या ओळींचे शेंडे वाकडे झाले, पानं आकसली, फुलं गळली. अर्धा एकर तर गेलंच, पुढच्या ओळींतही घड विरळ आहेत. दिरांनी भावकीतली चार माणसं बोलावून बैठक घेतली. चाळीस हजार द्यायचं ठरलं, ‘घरातलंच आहे, वाढवू नका’ म्हणाले आणि विषय संपला. मिस्टरांनी मान डोलावली. मी आत चहा करत होते. पैसे आलेत, पण पाकीट कपाटात तसंच पडलंय.

मला वाटतं, त्या पोरानं एकदा येऊन बाग बघावी. लहानपणापासून माझ्या हातचं खाल्लंय त्यानं, आणि आता मी दिसले की गाडी वळवतो. गेल्या वर्षी बांधावरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली होती. म्हणून मनात सारखं येतं, त्यानं हे मुद्दाम केलं असेल का? जाऊबाई म्हणतात, ‘पैसे दिले ना, आता पोराला खाली मान घालायला लावायचीय का?’ सासूबाई म्हणतात, माफ करून टाक. मी सूड धरून बसलेय का?

– एक वाचक, दिंडोरी तालुका

ताई,

तुम्ही सूड धरून बसलेला नाहीत. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या मुलाचं वाईट व्हावं असं एकही वाक्य त्यात नाही. त्यानं यावं, बघावं आणि एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं, एवढंच तुम्ही मागताय. ज्याचं नुकसान झालं त्याला असं वाटणं अगदी रास्त आहे, आणि चाळीस हजारांच्या पाकिटानं ते वाटणं शमलं नाही यात तुमचा काही दोष नाही.

त्या बैठकीत कुणाच्या पदरात काय पडलं ते बघा. दिरांना प्रकरण मिटल्याचं समाधान मिळालं. तुमच्या मिस्टरांना चुलतभावाशी वाकडं न येता मोकळं होता आलं. पंचांचा शब्द राहिला, भावकीची झाकली मूठ झाकलेलीच राहिली. पण ज्यानं फवारलं तो पोरगा तिथे नव्हता. जिची बाग गेली ती बाई स्वयंपाकघरात होती. म्हणजे ज्या दोघांमध्ये हे घडलं ते दोघेही निवाड्यातून बाहेर. मग तुमचा प्रश्न तसाच राहिला याचं नवल वाटायला नको.

निल्स ख्रिस्ती नावाचे नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७७ साली एक मांडणी केली, ती मला आपल्या गावगाड्यात रोज दिसते. ते म्हणाले, वाद ही ज्यांच्यात तो झाला त्यांची मालमत्ता असते, आणि वकील, न्यायालयं, तज्ज्ञ ती त्यांच्याकडून काढून घेतात. ज्याला लागलं तो आपल्याच खटल्यात बाजूला उभा राहतो. त्यांच्या डोळ्यांसमोर युरोपातली कोर्टं होती. आपल्याकडे हेच काम पुष्कळदा कोर्टाच्या पायरीआधी, ओट्यावरच्या बैठकीत होतं. तुमचा वाद भावकीनं घेतला, तिच्या सोयीनं मिटवला आणि तुमच्या हातात पाकीट ठेवलं.

जगात गेली पन्नास वर्षं याहून वेगळी एक वाट चालली आहे. तिला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. नाव जड आहे, वाट साधी आहे. कोणता नियम मोडला आणि त्याला शिक्षा काय, इथून ती सुरू होत नाही. कुणाला लागलं, त्याला आता कशाची गरज आहे, आणि ती गरज भागवायची जबाबदारी कुणाची, हे ती आधी विचारते. या कामाची सुरुवात म्हणून जी घटना सांगितली जाते ती कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा या लहानशा गावची, १९७४ सालची. दोन तरुण पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. गाड्यांची टायरं कापली, काचा फोडल्या. त्यांच्यावर देखरेखीचं काम मार्क यँट्झी नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. त्यांनी न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात नेऊन उभं केलं तर? न्यायाधीशांना आधी ते कायद्यात बसेलसं वाटेना, पण शेवटी त्यांनी तसा आदेश दिला. पोरं दारोदार गेली, काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, किती नुकसान झालं ते ऐकून घेतलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई केली. त्या दोघांपैकी एक जण पुढे अनेक वर्षांनी याच कामात उतरला.

भरपाई तर कोर्टानंही करून घेतली असती. मला या हकिकतीत महत्त्वाचं वाटतं ते त्या पोरांचं दारात उभं राहणं. अंधारात फोडलेली काच दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घराची होते, तिच्यामागे एक म्हातारी बाई राहत असते, तिला त्या रात्रीपासून झोप लागत नसते. हे कळायला त्या बाईसमोर जावंच लागतं. तुम्ही त्या पोरानं बाग बघावी म्हणताय, तेव्हा नेमकं हेच मागताय.

आता तुमच्या बागेकडे येऊ, कारण चाळीस हजारांचा आकडा कशावरून निघाला हे मला पत्रातून कळलं नाही, आणि तुम्हालाही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मक्यातल्या रुंद पानांच्या तणासाठी आपल्याकडे टू-फोर-डी सर्रास मारतात. तुमच्या शेजारीही तेच मारलं असावं, तुम्ही सांगितलेली लक्षणं त्याच्याशी जुळतात. मका गवताच्या जातीचा, त्याला ते सोसतं. द्राक्षवेल रुंद पानाची आणि या औषधाच्या बाबतीत फार हळवी. ते झाडातल्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं, म्हणून कोवळी फूट वेडीवाकडी वाढते. नवं पान पंख्यासारखं आकसतं, शिरा एकमेकींजवळ येतात, कडेचे दाते लांब आणि टोकदार होतात, शेंडा पिळवटतो. फुलोऱ्यात सापडली तर फुलं गळतात, मण्यांचं सेटिंग होत नाही. यासाठी फवारा थेट बागेवर पडायचीही गरज नसते. इस्टर प्रकारातलं औषध असेल तर मारून झाल्यावरही त्याची वाफ वाऱ्याबरोबर जाते. बांधापलीकडे पाठीवरचा पंप घेऊन चालणाऱ्या पोराला आपल्या मागे काय होतंय हे दिसतही नाही.

हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही. ‘मुद्दाम केलं का’ हा प्रश्न तुम्हाला रात्री छळतोय, आणि त्याचं उत्तर पंचांकडे नाही, माझ्याकडे तर मुळीच नाही. ते एकट्या त्याच्याकडे आहे. कदाचित त्याला माहीतच नसेल. कदाचित माहीत असेल आणि ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून त्यानं पंप उचलला असेल. वारा बघितला का, दुकानदारानं काही सांगितलं होतं का, बापानं आजच्या आज उरकून टाक म्हणून घाई केली होती का, हे सगळं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ज्यांना लागलेलं असतं त्यांना भरपाईइतकीच, कधी तिच्याहून जास्त, माहितीची भूक असते. कुणीच काही सांगत नाही तेव्हा मन स्वतःच्या गोष्टी रचतं, आणि त्या बहुतेकदा खऱ्यापेक्षा वाईट असतात. गेल्या वर्षीची बोलाचाली आणि या वर्षीची फवारणी तुमच्या मनानं जोडली ती अशीच.

आणि नुकसान. बैठकीत बहुधा अर्ध्या एकराच्या मालाचा ढोबळ हिशोब झाला असणार. थिनिंगला, म्हणजे घडांतले मणी विरळ करायला येणाऱ्या बायकांचे त्या ओळींतले रोज बुडाले, ते कुणी धरले का? विकास सोसायटीचा हप्ता आहे का? विरळ घडांच्या ओळींत व्यापारी भाव पाडेल तो फरक? आणि वेलीचं पुढं काय? टू-फोर-डीचा जोरदार मार बसलेली वेल पुढच्या हंगामातही अशक्त राहू शकते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फूट कशी येते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड किती निघतात, तेव्हाच खरा आकडा कळेल. जे नुकसान अजून दिसायचंय ते तुमच्या भावकीनं दोन तासांत मोजून टाकलं. माझं स्पष्ट मत आहे की तो हिशोब अपुरा आहे. तो पुन्हा मांडायला सांगणं म्हणजे वाढवणं होत नाही.

जाऊबाईंचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. पोराला खाली मान घालायला लावायची का, हा एका आईचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. ऑस्ट्रेलियाचे गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ साली लाजेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एका प्रकारात माणसावर शिक्का बसतो. तो वाईटच, त्याच्यापासून लांब राहा. अशी लाज माणसाला आणखी दूर लोटते. दुसऱ्या प्रकारात केलेल्या कामाला वाईट म्हटलं जातं, पण माणसाला आपलंच मानून परत घेतलं जातं. चव्हाट्यावर चार लोकांत त्याला उभा केला तर पहिला प्रकार होईल, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. पण आज काय चाललंय? बापानं पैसे भरले, पोराला तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही, आणि तो गाडी वळवत फिरतोय. त्याची मान आत्ताच खाली आहे. ती वर करायची संधी त्याला अजून कुणी दिलेली नाही. जाऊबाईंशी बोलणं झालं तर एवढंच सांगा.

आता करायचं काय.

आधी मधला माणूस शोधा. त्या चार पंचांपैकी कुणी नको, कारण त्यांना आपलाच निवाडा राखायचा असेल. दोन्ही घरं ज्याला मानतात आणि द्राक्षातलं ज्याला कळतं असा भावकीबाहेरचा बागायतदार चालेल, गावातल्या निवृत्त बाई चालतील, बचत गटातली एखादी जाणती बाई चालेल. त्या माणसानं निवाडा द्यायचा नाही. कुणी कुणाला तोडायचं नाही, एकाचं बोलणं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्यानं सुरू करायचं नाही, एवढं सांभाळायचं.

त्यानं आधी तुमच्याशी आणि त्या मुलाशी वेगवेगळं बोलायला हवं, निवांत, एकेकट्यानं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. ही पायरी गाळून दोघांना थेट समोरासमोर बसवलं तर भेट पाच मिनिटांत भांडणावर येते किंवा तोंडदेखल्या सॉरीवर संपते. त्या एकेकट्या बोलण्यात मुलाला यायचं नसेल तर त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. बापानं कान धरून आणलेला पोरगा तुम्हाला खरं काही सांगणार नाही. हीच मोकळीक तुम्हालाही आहे. ऐनवेळी वाटलं, नको, तर नको.

भेटीला माणसं मोजकी ठेवा. तुम्ही, तुमचे मिस्टर, तो मुलगा, त्याच्या बाजूचं एक माणूस आणि मधला माणूस. त्याच्या बाजूनं आई आली तर मला जास्त बरं वाटेल. दिरांना नंतर कळवता येईल. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यानं अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक घ्यायची पद्धत आणली, तिच्यामागे तिथल्या माओरी लोकांच्या रीती आहेत. त्या बैठकीत मुलाच्या घरचे असतात, ज्याला त्रास झाला तो बसू शकतो, आणि मुलानं पुढे काय करायचं याची योजना मुलाच्या घरच्यांनी मिळून आखायची असते. घरची माणसं जवळ असली की मुलगा बोलतो. आपल्याकडे घरची माणसं ढिगानं असतात, फक्त ती मुलाच्या ऐवजी स्वतःच बोलतात. तुमच्या भेटीत हे होऊ द्यायचं नाही, हे मधल्या माणसाला आधीच बजावून ठेवा.

विचारायचं काय तेही सांगते, कारण बहुतेक बैठका ‘का केलंस?’ या प्रश्नावरच फसतात. ‘का’ म्हटलं की माणूस सबबी शोधायला लागतो. मुलाला विचारा: त्या दिवशी काय काय झालं? पंप भरताना डोक्यात काय होतं? बाग करपतेय हे कधी कळलं, तेव्हा काय वाटलं? यात कुणाकुणाला त्रास झाला असं तुला वाटतं? आता काय केलं तर हे थोडं तरी भरून येईल? तुम्हाला विचारलं जाईल: पहिल्यांदा पानं बघितली तेव्हा काय झालं? सगळ्यात अवघड काय गेलं? काय व्हायला हवं? माझी विनंती एवढीच की या उत्तरांत गेल्या वर्षीचा बांध आणू नका. तो विषय वेगळा बसून बोलायचा. पण ‘तू मुद्दाम केलंस का, ही शंका मला झोपू देत नाही’ हे जरूर म्हणा. ऐकायला त्याला जड जाईल, तरी ते त्यानं ऐकलं पाहिजे.

बोलणं झाल्यावर तो तयार असेल तर त्याला बागेत न्या. त्या वाकड्या शेंड्यांचं पान त्याच्या हातात द्या आणि बांधापासून आत किती ओळींपर्यंत हे गेलंय ते त्यालाच मोजू द्या. तिथं भाषण नको.

ठरेल ते कागदावर घ्या. पैसे किती आणि कधी, आणि एप्रिलची फूट बघून उरलेला हिशोब पुन्हा करायचा, हे स्पष्ट लिहा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा, बांधाकडच्या पट्ट्यात टू-फोर-डी मारायचं नाही, फवारणीआधी फोन करायचा, तुमच्याकडे वारा असेल त्या दिवशी पंप उचलायचा नाही. यातलं जेवढं तो आपणहून सुचवेल तेवढं टिकेल. छाटणीला दोन दिवस येतो असं तो म्हणाला तर येऊ द्या. तुम्ही मात्र मजुरी म्हणून ते मागू नका, मागितलं की ती शिक्षा होते.

सासूबाई म्हणतात माफ कर. सासूबाईंचा मान ठेवून सांगते, माफी हा या भेटीचा हप्ता नाही. हॉवर्ड झेर या अमेरिकी अभ्यासकांनी पुनर्स्थापक न्यायाच्या विचाराला आजचं रूप दिलं, आणि त्यांनीही हे बजावून ठेवलंय की माफी किंवा दिलजमाई हे याचं मुख्य उद्दिष्ट नाही. ती झाली तर झाली. तुम्ही सगळं ऐकून, कागदावर सही करून, चहा देऊनही मनातून माफ केलं नाही तरी चालेल. ते तुमचं तुम्ही, तुमच्या वेळेनं ठरवा. कुणी घाई केली तर त्यांना हा परिच्छेद दाखवा.

आपल्याकडे मिटवण्याची हौस जुनी आहे. २००७ च्या १५ ऑगस्टला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिनं किती तरी लोकांच्या कोर्टाच्या चकरा वाचवल्या, आणि ते काम मी कमी लेखत नाही. पण मिटलेल्या तंट्यांवर गुण आणि पुरस्कार आले, तेव्हा ज्याला लागलंय त्यानं लवकर गप्प व्हावं याचीही घाई आली. घराघरांत तेच. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या सोसायटीत पोरांच्या चेंडूनं गाडीची काच फुटते, बाबा यूपीआयनं पैसे पाठवतात, आणि पोरगं महिनाभर त्या काकांना टाळून दुसऱ्या जिन्यानं जातं. शाळेत एकानं दुसऱ्याला ढकललं की बाई ‘सॉरी म्हण’ म्हणतात, तो म्हणतो, तास पुढे चालू. ढकललेल्या मुलाला काय झालं हे कुणी विचारत नाही, ढकलणाऱ्यालाही ते कधी ऐकावं लागत नाही. या दोन्ही ठिकाणी दहा मिनिटं बसून वरचेच प्रश्न विचारता येतात. त्याला ना समिती लागते ना शिक्का.

तुमच्या पत्राबाहेरचं, पण हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकासाठी एक गोष्ट लिहायलाच हवी. समोरासमोर बसण्याचा हा मार्ग सगळीकडे चालत नाही. एक माणूस दुसऱ्याला भिऊन असेल तिथे तो वापरायचा नाही. घरात मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तिथे ‘एकत्र बसून बोला’ म्हणणं बाईच्या जिवावर बेतू शकतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे भावकीला किंवा शाळेला मिटवण्याचा अधिकारच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळात तडजोड फक्त तक्रारदार बाईनं मागितली तरच होते आणि पैशांवर होत नाही, हे २०१३ च्या कायद्यातच लिहिलंय. जातपंचायतीबद्दल तर नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २०१३ साली याच शहरात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर लेकीचा बापानं खून केला, त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींच्या मनमानीविरुद्धची मोहीम इथूनच उभी राहिली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा त्यानंतरचा. पंचांनी बोलावून दंड ठोकणं, वाळीत टाकणं आणि मी सांगते ती भेट, यांची गल्लत कुणी करू नये. जिथे नाही म्हणायची सोय नाही तिथे या भेटीचा विषयच येत नाही.

तुमच्या घरात अशी भीती असेल आणि तुम्ही ती पत्रात लिहिली नसेल, दिरांचा दरारा असेल, किंवा मिस्टर यावरून घरात आवाज चढवत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मला पुन्हा लिहा.

भेट ठरो वा न ठरो, काही कामं याच आठवड्यात करा. बाधित ओळींचे, पानांचे, घडांचे तारीख दिसेल असे फोटो काढा. आता जानेवारी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडा होईल, एप्रिलमध्ये छाटणी, म्हणजे पुरावा तुमच्याच कात्रीखाली जाणार. खुड्याच्या वेळी बांधाकडच्या ओळींचं वजन वेगळं करा, वहीत वेगळं लिहा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाहणीसाठी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि मिस्टरांना विचारा, पैसे घेताना ‘पुढे काही मागणी नाही’ असं काही लिहून दिलंय का. दिलं असेल तर त्याची प्रत मिळवा. हे करताना आपण भावकीच्या विरोधात जातोय असं मनात आणू नका. हिशोब नीट असला की बोलणंही शांतपणे होतं.

निरोप दिरांमार्फत पाठवू नका, थेट मुलाला पाठवा. तोही मधल्या माणसाकडून, व्हॉट्सॲपवर नको. शब्द असे काहीसे असू द्या: ‘काकू तुझ्यावर केस करायला बोलावत नाहीये. तिला त्या दिवशी काय झालं ते तुझ्या तोंडून ऐकायचंय आणि तिचं काय झालं ते तुला सांगायचंय. तुझी आई आली तरी चालेल. नाही यायचं असेल तर तसं सांग.’

तो आला नाही, किंवा आला आणि खोटं बोलला, तरी तुमचा कायद्याचा मार्ग बंद होत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथून लोकअदालतीतही जाता येतं. लोकअदालतीतला निवाडा दोन्ही बाजूंच्या संमतीनंच होतो, पण एकदा झाला की तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून तिथे सही करण्याआधी एप्रिलच्या हिशोबाचं कलम कागदात आलंय का ते बघा. जाताना मिस्टरांना बरोबर न्या, फोटो न्या, वही न्या. आणि या वेळी चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.